एका चेहऱ्याचे तीन भाऊ

पडद्यावर एकाच चौकटीत तीन माणसे दिसतात. एकाच्या अंगात पाद्र्याचा काळा झगा आहे, दुसऱ्याच्या अंगावर लष्करी कप्तानाचा गणवेश आहे आणि तिसऱ्याच्या कमरेला पिस्तूल आहे. देवाचे नावही त्याला सोसत नाही. तिघांचा चेहरा मात्र एकच. ते तिळे भाऊ आहेत आणि तिघांचेही काम पेद्रो इन्फान्ते या एकाच नटाने केले आहे.

‘लोस त्रेस उआस्तेकोस’, म्हणजे ‘उआस्तेकातले तिघे’, हा चित्रपट मेक्सिकोत १९४८ साली आला. दिग्दर्शक होते इस्माएल रोद्रिगेझ. आईबापांवाचून पोरकी झालेली तीन भावंडे उआस्तेका नावाच्या प्रदेशाच्या तीन वेगवेगळ्या भागांत वाढतात. एक पाद्री होतो, एक फौजेत जातो, एक नास्तिक आणि बंडखोर निघतो. मग एका दरोडेखोराचा माग काढताना कप्तान भावाला स्वतःच्याच रक्ताच्या माणसावर संशय घ्यावा लागतो. घोडे, रुंद काठाच्या टोप्या, गुत्त्यातली मारामारी आणि दर थोड्या वेळाने गाणे, अशा चित्रपटांना तिकडे ‘कोमेदिया रान्चेरा’ म्हणतात. १९३६ च्या ‘आया एन एल रान्चो ग्रान्दे’ने या प्रकाराला घडवले आणि पुढची वीसएक वर्षे मेक्सिकोचा चेहरा म्हणून जगाला जो दिसला, तो बहुतांशी याच चित्रपटांतला.

‘मेक्सिकोचा चेहरा’ हा शब्दप्रयोग सहज तोंडात येतो, पण त्याच्या आत धर्माचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिमेत घडवले असे ख्रिस्ती धर्म शिकवतो. मग त्या प्रतिमेचा चेहरा कोणाचा? आणि ज्याला आपला चेहरा तिच्यात कुठेच सापडत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी उभे राहिले तर ते पुरते का?

आधी या चित्रपटाने काय साधले ते मोकळ्या मनाने सांगायला हवे, कारण ते थोडेथोडके नाही.

१९१७ च्या राज्यघटनेने मेक्सिकोत चर्चचे हातपाय बांधले होते. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास काय्येस यांनी त्या कलमांना शिक्षांची धार लावली. पाद्र्याने झगा घालून रस्त्यावर यायचे नाही, आले तर दंड. उत्तर म्हणून बिशपांनी देशभरची सार्वजनिक उपासनाच थांबवली. मिस्सा नाही, कबुलीजबाब ऐकायला पाद्री नाही, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणायला कोणी नाही. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाहुआतो इथले शेतकरी ख्रिस्तराजाचा जयजयकार करत बंदुका घेऊन उठले. १९२९ पर्यंत चाललेल्या या क्रिस्तेरो युद्धात पाद्र्यांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या दशकात सरकारी शाळांच्या मास्तरांचे कान कापले गेले, कारण ते मुलांना देवाशिवायचे शिक्षण देतात असा त्यांच्यावर राग होता. दोन्ही बाजूंचे हात रक्ताने माखले होते. १९४० मध्ये मानुएल आविला कामाचो यांनी आपण श्रद्धावान असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा कुठे सरकार आणि चर्च यांच्यातला ताण उघडपणे सैल झाला. घटनेतली कलमे मात्र तशीच राहिली.

१९४८ च्या प्रेक्षकांत पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे आठवत होते. ज्याचा काका क्रिस्तेरो म्हणून मेला आणि ज्याचा मामा सरकारी फौजेत होता, असे दोघे चित्रपटगृहात शेजारीशेजारी बसलेले असणार. आणि समोर पडद्यावर पाद्री, फौजी आणि नास्तिक यांचा चेहरा एक, आई एक. एका देशाला एवढे समजावून सांगायला मोठमोठी भाषणे अपुरी पडली असती. इन्फान्तेने ते तीन वेषांत, तीन चालींत आणि गाण्यांत सांगितले.

त्यातही लोरेन्सो या नास्तिक भावाचे पात्र धीटपणे रचलेले आहे. तो तापट आहे, देव मानत नाही आणि गाव त्याला दरोडेखोर समजते. पण त्याची चिमुरडी मुलगी तुसिता त्याच्या मांडीवर निर्धास्त बसते. ही मुलगी कोळी आणि साप यांच्याशी खेळते. ती भूमिका मारिया एउखेनिया यामास या चारएक वर्षांच्या मुलीने केली आणि ‘तुसिता’ हे नाव तिला जन्मभर चिकटले. देव न मानणारा बाप वाईट बाप असतोच असे नाही, ही गोष्ट चित्रपट वाद न घालता मान्य करतो. पाद्री भाऊ त्याच्यासाठी झुरतो, पण त्याला टाकत नाही. श्रद्धा नसलेल्या माणसाला इतक्या मायेने पाहणारा लोकप्रिय चित्रपट त्या काळात सोपा नव्हता.

किती अवघड होता, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रसंगावरून कळते. मेक्सिको शहरात आलामेदा उद्यानाशेजारी ‘होटेल देल प्रादो’ उभे राहिले होते. तिथल्या भिंतीवर दिएगो रिवेरा यांनी उद्यानातल्या एका रविवारचे प्रचंड चित्र काढले. त्यात एकोणिसाव्या शतकातला विचारवंत इग्नासियो रामीरेझ हातात एक कागद धरून उभा आहे आणि त्यावर ईश्वराचे अस्तित्व नाकारणारे वाक्य आहे. १९४८ मध्ये आर्चबिशपांनी हॉटेलला आशीर्वाद द्यायला नकार दिला. तरुणांनी आत शिरून ती अक्षरे खरवडली. चित्र पडद्याआड गेले आणि १९५६ मध्ये रिवेरा यांनी स्वतः ते वाक्य पुसून दुसरा मजकूर लिहिला, तेव्हाच ते पुन्हा लोकांसमोर आले.

भिंतीवरचे एक वाक्य शहराला सोसले नाही आणि पडद्यावरच्या नास्तिकाला मात्र साऱ्या देशाने आपला मानला. याचे कारण शोधताना चित्रपटाची ताकद सापडते आणि त्याची मर्यादाही. रामीरेझच्या कागदावर नुसता विचार होता. लोरेन्सोकडे चेहरा होता आणि तो आपल्या लाडक्या पेद्रोचा. प्रेक्षकाने परका विचार आपलासा केला, कारण तो ओळखीच्या तोंडातून आला. ‘तो आपल्यासारखाच आहे, म्हणून त्याला सोसू या,’ ही सहिष्णुता खरी आहे, पण ती साम्याच्या आधाराने चालते. साम्य जिथे संपते तिथे ती काय करते?

हे पाहायला दूर जावे लागत नाही. उआस्तेकातच थांबले तरी पुरे.

मेक्सिकोच्या आखाताकडचा हा हिरवा, दमट, डोंगरउताराचा प्रदेश आहे. सान लुईस पोतोसी, तामाउलिपास, वेराक्रूस, इदाल्गो अशा राज्यांत तो वाटला गेला आहे. चित्रपट त्याच्या भूगोलाचा मोठा अभिमान बाळगतो. भावांची वाटणीही त्यावरच बेतलेली आहे. पण ‘उआस्तेको’ हे नाव मुळात ज्यांचे, ते लोक स्वतःला तेनेक म्हणतात. त्यांची भाषा माया कुळातली असून बाकीच्या माया भाषा बोलणाऱ्यांपासून ती शेकडो मैल दूर, हजारो वर्षे एकटी वाढली. त्यांच्या शेजारी नाउआ लोकांची गावेच्या गावे आहेत. चित्रपटाच्या शीर्षकात त्यांचे नाव आहे, कथेच्या मध्यभागी त्यांच्यापैकी कोणी नाही.

उणीव एवढीच असती तर तो फक्त पात्रनिवडीचा मुद्दा झाला असता. पण धर्माच्या प्रश्नावरच ती खोल घाव घालते. चित्रपटाच्या मते श्रद्धेच्या बाजू दोन आहेत: एक पाद्र्याची, दुसरी नास्तिकाची. उआस्तेकातल्या शेतकऱ्याला विचारले तर तिसरी बाजू समोर येईल. नाउआ गावांत मका हे नुसते धान्य नसते. चिकोमेशोचित्ल, म्हणजे ‘सात फुले’, या नावाने मक्याला बालकाच्या रूपात पुजतात. कागद कातरून बीजाच्या आकृत्या करतात, त्यांना कपडे चढवतात, वेदीवर क्रूस आणि संतांच्या तसबिरींबरोबर त्यांना मांडतात आणि रात्रभर वाद्ये वाजवतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृत पितर घरी येतात. त्या सणाला ‘शान्तोलो’ म्हणतात. चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेतल्या ‘सांक्तोरुम’ या शब्दाचे हे गावरान रूप. पितरांसाठी झेंडूच्या फुलांच्या कमानी उभारतात. दसऱ्याला मराठी दारांवर तोरण होऊन चढणारा झेंडू मूळचा याच देशातला.

आणि ती वाद्ये कोणती? व्हायोलिन, खाराना नावाची छोटी पाच तारांची गिटार आणि जाड पोटाची उआपांगेरा. पूजेत वाजणारे हे त्रिकूटच उआस्तेकाच्या लोकगीतांचेही त्रिकूट आहे. उंच पट्टीत अचानक तुटून वर चढणारा गळा ही त्या गाण्याची खूण. रान्चेरा चित्रपटांनी हे संगीत उचलले, देशभर गाजवले, पण ते ज्या वेदीसमोर वाजत होते ती वेदी चौकटीबाहेर राहिली. सूर घेतला आणि देव मागे ठेवला.

ही खोड चित्रपटांच्या आधीची, चारशे वर्षांची आहे. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांना फर्मान काढून सांगावे लागले की अमेरिकेतले आदिवासी खरीखुरी माणसे आहेत आणि श्रद्धेला पात्र आहेत. १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात त्यांच्याच माणूसपणावरून विद्वानांचा वाद रंगला. बार्तोलोमे दे लास कासास आदिवासींच्या बाजूने तळमळून बोलले, खिनेस दे सेपुलवेदा विरुद्ध बोलले. ज्यांच्याविषयी हे सारे चालले होते त्यांच्यापैकी एकही जण तिथे बोलायला नव्हता. लास कासास यांच्या करुणेविषयी शंका नाही. तरी त्या सभेची रिकामी खुर्ची दिसल्याशिवाय राहत नाही.

लोकांच्या श्रद्धेने मात्र वेगळी वाट काढली. १५३१ मध्ये तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या आदिवासी माणसाला माता मेरीने दर्शन दिले अशी ग्वादालुपेची कथा आहे. ती त्याच्याशी नाउआतल भाषेत बोलली आणि तिची कांती सावळी होती. लोक तिला लाडाने ‘ला मोरेनिता’, सावळी, म्हणतात. दर्शनाची घटना इतिहासात बसते की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कोट्यवधी लोकांनी ज्या देवमातेपुढे गुडघे टेकले तिचा रंग त्यांच्या आईचा रंग होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुआन दिएगो यांना संतपद दिले, तेव्हा त्यांचे जे चित्र अधिकृत म्हणून फिरले त्यात ते उजळ आणि दाढीवाले दिसत होते. हा आदिवासी आहे की स्पॅनिश जेता, असा सवाल मेक्सिकोतच उठला. ज्याला संत केले त्याचाच चेहरा बदलला गेला.

पेद्रो इन्फान्तेच्या वाट्याला हा प्रश्न आणखी दोनदा आला. १९४८ सालीच इस्माएल यांचे भाऊ होसेलितो रोद्रिगेझ यांचा ‘आन्खेलितोस नेग्रोस’ प्रदर्शित झाला. त्यामागे वेनेझुएलाचे कवी आंद्रेस एलोय ब्लांको यांची कविता आहे. चर्चच्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराला कवी विचारतो की काळ्या देवदूतांची तुला आठवण कशी होत नाही. धर्मशास्त्राचा याहून थेट प्रश्न लोकप्रिय गाण्यात क्वचितच आला असेल. चित्रपटाची तळमळही खरी आहे: काळी मुलगी जन्मली म्हणून तिला दूर लोटणारी गोरी आई, आणि आपण ज्या काळ्या दाईला हिणवत आलो तीच आपली जन्मदात्री आहे हे तिला उशिरा कळणे. पण ती दाई साकारताना क्युबाची थोर गायिका रिता मोन्तानेर हिच्या चेहऱ्यावर काळा रंग थापला गेला. भिंतीवर काळा देवदूत मागणाऱ्या चित्रपटालाच काळा चेहरा रंगाच्या डबीतून काढावा लागला.

नऊ वर्षांनी इस्माएल रोद्रिगेझ यांच्याच ‘तिसोक’मध्ये इन्फान्तेने आदिवासी तरुणाची भूमिका केली. समोर होत्या मारिया फेलिक्स. एका गोऱ्या स्त्रीत तिसोकला चर्चमधल्या कुमारी मातेचे रूप दिसते आणि तिच्या एका रुमालाचा त्याने लावलेला अर्थ दोघांनाही मरणापर्यंत नेतो. त्याचे बोलणे मोडके, बालिश केले आहे. १५ एप्रिल १९५७ रोजी इन्फान्ते मेरिदा इथे विमान अपघातात गेला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर रौप्य अस्वल मिळाले. अभिनय मोठा होता. पण सावळ्या माणसाला पवित्रता गोऱ्या चेहऱ्यातच सापडावी, हा त्या कथेचा कणा ग्वादालुपेच्या बरोबर उलटा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे बरोबर नाही. नट म्हणजे परकायाप्रवेश करणारा. पाद्र्याचे काम पाद्र्यानेच, शेतकऱ्याचे शेतकऱ्यानेच करायचे म्हटले तर अभिनय उरेल कुठे? शिवाय इन्फान्ते हा काही हवेलीत वाढलेला राजपुत्र नव्हता. सिनालोआत वाढलेला, तरुणपणी सुतारकाम केलेला हा मुलगा. रंधा मारलेल्या हातांनी तो पडद्यावर आला, म्हणून गरिबांना तो आपला वाटला. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी चाहते थडग्याशी जमून गातात. त्यांचे प्रेम खोटे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आक्षेपात तथ्य आहे. पण परकायाप्रवेशाचे दार दोन्ही बाजूंनी उघडायला हवे. इन्फान्तेने तिसोक व्हावे, जरूर व्हावे. मग तेनेक तरुणाने पाद्री, कप्तान, प्रियकर का होऊ नये? एका चेहऱ्याला सगळे वेष मिळतात आणि दुसऱ्या चेहऱ्यांना स्वतःचाही वेष मिळत नाही, तिथे अभिनय संपून मक्तेदारी सुरू होते.

याचे तत्त्वज्ञान त्याच वर्षी, त्याच शहरात आकार घेत होते. १९४८ मध्ये लेओपोल्दो सेआ यांच्याभोवती तरुण विचारवंतांचा ‘इपेरियोन’ गट जमला आणि मेक्सिकन माणूस म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न व्याख्यानांतून मांडू लागला. त्यांच्यातल्या लुईस वियोरो यांनी १९५० मध्ये आदिवासीवादाच्या टप्प्यांवर ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा असा की विजेत्याने, मिशनऱ्याने, इतिहासकाराने, क्रांतीनंतरच्या सुधारकाने आदिवासीला पाहिले. प्रत्येकाने त्याला आपल्या गरजेच्या उजेडात पाहिले. तो सतत पाहिला गेला. त्याने जगाकडे पाहून काय म्हटले, याची नोंद कोणी केली नाही. वियोरो यांचा हा मुद्दा रान्चेरा चित्रपटांना जसाच्या तसा लागू पडतो. कनवाळू नजरसुद्धा शेवटी एकाच बाजूची नजर असते.

त्याआधी माजी शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२५ मध्ये ‘वैश्विक वंशा’ची कल्पना मांडली होती: सगळे वंश मिसळून एक नवा माणूस होईल. कल्पना उदार होती, पण त्या मिश्रणात विरघळायचे कोणी, हा हिशेब एकतर्फी राहिला. तीन भावांचा एक चेहरा हे त्याच स्वप्नाचे पडद्यावरचे रूप आहे.

वास्कोन्सेलोस यांनीच रिवेरा यांना शिक्षणखात्याच्या भिंती रंगवायला दिल्या होत्या. तिथल्या १९२८ च्या एका चित्राचे नाव प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीवरून घेतले आहे. मेजाच्या मध्यभागी बसलेला माणूस भाकर मोडून वाटतो आहे आणि भोवती वेगवेगळ्या रंगांची माणसे, बायका, मुले आहेत. भाकर मोडणाऱ्याचा तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा असल्याचे सांगितले जाते. वर्ध्यात १८८४ मध्ये जन्मलेले, गदर चळवळीतून देशोधडीला लागलेले खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवत होते, मक्याच्या जातींवर संशोधन करत होते, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवत होते. पुढे ते नागपूरला परतले. परमुलुखातल्या मराठी माणसाला मेक्सिकोच्या मेजावर यजमानाची जागा मिळाली, आणि ती मिळायला त्याला आपला चेहरा बदलावा लागला नाही. चेहरा वेगळाच ठेवून मध्यभागी बसवणे चित्रकाराला जमले होते, म्हणजे ते त्या काळाच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. चित्रपटांनी ते केले नाही, ही त्यांची चूकच म्हणायला हवी.

कायद्याने पुढे दोन्ही हिशेब हाती घेतले, योगायोगाने एकाच महिन्यात. जानेवारी १९९२ मध्ये मेक्सिकोची घटना दुरुस्त होऊन चर्चला कायदेशीर अस्तित्व परत मिळाले. त्याच महिन्यात दुसऱ्या दुरुस्तीने हे राष्ट्र मुळातच अनेक संस्कृतींचे असल्याचे आणि त्याचा पाया आदिवासी समाज असल्याचे मान्य केले. आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन लोकांचे नाव घटनेत यायला मात्र २०१९ उजाडावे लागले. २०२० च्या जनगणनेत आपण आफ्रिकी वंशाचे आहोत असे सुमारे २५ लाख ७६ हजार माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले.